दोन पदर

मे महिन्यात नागपुरात कपाळाला बंदूक लावली
तर माणूस नाही, ऊन मोजलं जातं.
पहिल्या दिवशी तांडापेठेत मी चौदा जणांना ताप लिहिला,
मग स्वतःलाच लावून पाहिली.
एकशे दोन.
तेव्हापासून फाटकाशी येईल त्याला
कडुनिंबाखाली बसवते दहा मिनिटं,
आणि मग मोजते.
त्या दहा मिनिटांना आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

त्यातच एकदा देवाजी हेडाऊ
माझा निळा मास्क निरखत म्हणाले,
"हे कापड नाई म्याडम. याले ताणा नाई, बाणा नाई."
माग दोन महिने बंद, सूत येत नव्हतं.
त्यांनी घरातल्या तुकड्याचा मास्क उन्हाकडे धरला.
"पाहा, सूर्य दिसते. म्हणून दोन पदर.
एकाचं भोक दुसऱ्यानं झाकाव."
मग थोडं थांबून,
"पण बिडीचा वास तर येतेच यातून.
वास येते, तं रोग कसा अडते?"

मी सातवीला विज्ञान शिकवते.
तरी घाम पुसायचं निमित्त करून वेळ काढला.
"वास फार बारीक, काका, सुटा हिंडतो.
हा सुटा निघत नाही.
बोलताना, खोकताना जे थेंब उडतात
त्यांच्यावर बसून येतो."
"म्हंजे रिक्षा करून."
"हो. आपण रिक्षा अडवायची."
"साऱ्या?"
"साऱ्या नाही. बऱ्याच."

'बऱ्याच' त्यांना पटलं.
सारं अडवणारं कापड
त्यांनी जन्मात विणलं नव्हतं.

घरात मात्र कुलर खिडकीतून काढून आत ओढलेला,
तावदानं बंद, फटीत चिंध्या.
शेजारच्या निमजेंकडे दोघं आजारी होते,
त्यांची हवा नको म्हणून.
आत सहा माणसांचा श्वास
तोच तो, गार होऊन फिरत होता.
"काही रिक्षा धुरासारख्या असतात," मी फाटकातूनच म्हटलं,
"खोलीत तासन् तास थांबतात. खिडकी उघडा."
"ऊन येईन नं, बाप्पा!"
कुलर आतच राहिला.

साबणाचं सांगायची मला गरजच पडली नाही.
नातवंडांना मोरीवर उभं करून विमलबाई ओरडत होत्या,
"सावजी रस्स्याचा तवंग निरा पाण्यानं जाते का हाताचा?
नाई नं? मंग घासा! त्यालेबी तेलाचाच कोट हाय!"
मी वर्गात अर्धा तास घेतला असता.

दुसऱ्या फेरीला गल्लीभर धूर.
मसाला भाजताना काळा झाला होता,
सगळे खोकत बाहेर आलेले,
आणि विमलबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या,
"मलेच कसा नाई आला वास?"

मी हसले नाही.
बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याऐंशी.
"मेहंदी हाय नं, म्हणून असंन."
दुसरं बोट, अंगठा, बिनमेहंदीचा.
सत्त्याऐंशी.
दम लागतो का विचारलं तर म्हणाल्या, "छे!"
आणि त्या एका अक्षरानंतर
श्वास घ्यायला थांबल्या.

मेयोची गाडी तासाभरात आली.
देवाजी चप्पल घालून मागं निघाले,
त्यांना फाटकाशीच थांबवलं. मीच थांबवलं.
भर दुपारी, त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत,
त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं कुलर ओढत नेला
आणि खिडकीत बसवला.
फटीतल्या चिंध्या काढताना
माझ्याकडे पाहिलं नाही.

आमच्या भागातली सगळी माणसं परत आली नाहीत.
निमजेंच्या ओळीवर मी आडवी रेघ मारली,
मग तीच रेघ पुन्हा, जरा सरळ.

विमलबाई सतराव्या दिवशी आल्या.
नाक अजून मुकंच.
परवा फाटकाशी गेले तर
चुलीवर कढई, हातात उलथणं,
आणि लांबूनच हाक,
"म्याडम, सांगा नं, जळला का?"

मी तिथंच उभी राहिले.
दोन पदरांच्या आत, एक उभा एक आडवा,
हळूहळू धणे आले, मग दगडफूल,
खोबऱ्याचा तेलकट कड.

"नाही," म्हटलं. "अजून थोडा चालेल."